खाली दिवे असलेली गाडी

भानुमतीबाईंनी उभी हयात इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत मुलींना वाणिज्य शिकवण्यात घालवली. त्यामुळे दारात माणूस आला, की त्याच्या चपला निघेपर्यंत तो जमेकडे मांडायचा की नावे, हे त्यांच्या मनात पक्कं झालेलं असे. धाकटा भाऊ गजानन रिकाम्या हातानं येतो आणि लोणच्याची बरणी घेऊन जातो, नावे. त्याची सून ऋजुता नाशिकची, नोकरीपायी इंदूरला आली आणि इथलीच झाली; बोलते छापील पुस्तकासारखं, पोह्यांवर शेव घालू देत नाही, पण आत्याची गुडघ्याची गोळी संपायच्या आत नवी आणते; जमा. गजाननचा मुलगा भूषण मात्र बाईंनी उचंत खात्यात ठेवला होता. रक्कम आलीय खरी, पण कशाबद्दल आलीय ते कळत नाही, तेव्हा हिशोबनीस ती ज्या खात्यात तात्पुरती टाकून ठेवतात, ते उचंत खातं. भूषण सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या भंगार झालेल्या गाड्यांखाली झोपत असे. असल्या माणसाला कुठं मांडणार?

तोच भूषण माघाच्या एका दुपारी आला आणि म्हणाला, "आत्या, तुझा तो वाला फोटो दे ना."

"कोणता वाला?"

"अरे, तोच. तलाववाला. आमच्या क्लबची लालबाग पॅलेसला रॅली आहे ना, तिथं जुन्या गाड्यांचे घरगुती फोटोपण लावणारेत. स्कॅन करतो आणि लगेच वापस देतो."

"वापस नाही रे, परत."

"हां, परत. एकदम पक्का परत वापस देतो."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण फोटो आणायला उठल्या. हा फोटो भिंतीवर कधीच नव्हता. तो साड्यांच्या कपाटात, मलमलच्या तुकड्यात असे. सिरपूर तलावाचा काठ, मागं पाण्याची फिकट रेघ, आणि पुढं कापडी टप मागं दुमडलेली एक छोटी मोटार. बोनेटवर हात ठेवून भानुमतीबाईंचे वडील, श्रीराम, असे उभे, जणू गाडी त्यांच्या वाडवडिलांनी लढाईत जिंकून आणलीय. वस्तुतः ती त्यांच्या साहेबांची. गाडीत पुढच्या सीटवर एक तरुण बाई, डोक्यावर पदर, मांडीवर शालीत गुंडाळलेलं झोपलेलं मूल. ते मूल म्हणजे भानुमती. ती बाई म्हणजे त्यांची आई, चंद्रभागा. चेहऱ्यावर बाकीच्या फोटोपेक्षा जरा जास्त उजेड आहे. आई फार गोरी होती म्हणून, असं सगळे म्हणत.

चंद्रभागा गेली तेव्हा भानू धड तीन वर्षांचीही नव्हती. साल विसरायची सोय नव्हती, कारण गांधीजी गेले त्याच आठवड्यात ती गेली, आणि घरातल्यांना रडायला वेगळा दिवससुद्धा मिळाला नाही, अख्खं शहरच रडत होतं. पुढं उन्हाळ्यात देवासहून मनोरमा आली, श्रीरामांची दुसरी बायको. तिला भानू माई म्हणू लागली. गजानन हा माईचा.

आईचं म्हणून भानुमतीबाईंकडे एकच होतं: आठवण. तीही तुकड्याएवढी. वारा. उन्हानं तापलेल्या कातड्याचा वास. वर मागं मागं पळणारी झाडं. कुणीतरी नाकातल्या नाकात गुणगुणतंय, आणि ते गुणगुणणं कानाला नाही, गालाला ऐकू येतंय. आणि जिभेवर काहीतरी गार, धातूचं. बस्स. झोप लागता लागता ही आठवण अंगावर पांघरायची, ही त्यांची ऐंशी पार होईपर्यंतची सवय.

अकरा वर्षांच्या असताना कसल्याशा भांडणात त्यांनी माईला सुनावलं होतं, "तू नाहीस माझी आई. माझ्या आईनं मला मोटारीत मांडीवर घेतलं होतं, मला आठवतं!" माई काही बोलली नाही. मग बऱ्याच दिवसांनी तिनं हा फोटो भानूच्या हातात दिला. म्हणाली, "हा बघ. बरोबर आठवतं तुला." तेव्हापासून फोटो आठवणीला पुरावा होता आणि आठवण फोटोला. दोन्ही बाजू जुळल्या की हिशोबनीस पुन्हा तपासत बसत नाही.

"खाली पट्टी लावायचीय," भूषण फोटो उजेडाकडे धरून म्हणाला. "गाडी कोणती, साल कोणतं, फोटोत कोण कोण."

"ब्यूक!" गजानन सोफ्यावरून म्हणाला. तो पोह्यांच्या वेळेला बरोबर आला होता. "बाबांना दरबारातून इनाम मिळालेली."

"गजू, भूषणच्या लग्नात तू व्याह्यांना डेमलर सांगितलं होतंस. आणि हा फोटो निघाला तेव्हा तुझा जन्मसुद्धा व्हायचा होता."

"मग काय झालं, ताई? माहिती खानदानी असते."

"दरवेळी सांगतोस तेव्हा गाडी दोन हात लांब होते. पुढच्या वर्षी तिला डबे जोडशील."

*

दोन दिवसांनी भूषण ऋजुता आणि लॅपटॉप, दोन्ही घेऊनच आला. चेहरा असा, जणू बारसं ठरलंय. त्यानं जेवणाच्या टेबलावरची शेवेची बशी सरकवली आणि फोटो पडद्यावर मोठा केला.

"दिवे बघ आत्या. दुसऱ्या गाड्यांचे दिवे कुठं असतात? वर, मडगार्डवर. हिचे कुठं आहेत? खाली. जाळीच्या दोन्ही बाजूंना, चिकटून. नाकाशेजारी डोळे असल्यासारखे."

"चष्मा घरंगळून खाली आलेल्या हेडक्लार्कसारखी दिसते," बाई म्हणाल्या.

"करेक्ट! आणि समोरची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. ही मॉरिस मायनर आहे. अगदी पहिली वाली, टप उघडणारी. नंतर कंपनीनं दिवे वर नेले. आता लाख लोकांनी ब्यूक म्हटलं ना, तरी मी हलणार नाही."

टेबलाच्या टोकाशी गजानननं पोह्यांत तोंड घातलं.

"आणि साल?" ऋजुतानं विचारलं.

"तेच तर मजेचं आहे. कंपनीनं ही गाडी दुनियेला दाखवलीच अठ्ठेचाळीसच्या शेवटी-शेवटी. मग जहाज, मग मुंबई, मग इंदूर. मतलब एकोणपन्नास तरी धर. त्याच्या आधी पॉसिबलच नाही."

ऋजुताचा चमचा बशीतच थांबला. दर वर्षी आत्यांच्या आईच्या तिथीला खीर तीच करते. तिला साल पाठ होतं. ती नवऱ्याकडे बघू लागली. भूषण लॅपटॉपकडे बघून हसत होता. आणि हळूहळू त्याचं हसू, दिव्याची वात खाली करावी तसं, खाली गेलं.

"म्हणजे... आत्या... शायद माझंच चुकत असेल हं. दुसरं एखादं मॉडेल..."

"दिवे खाली आहेत ना?" भानुमतीबाई म्हणाल्या.

"हां, पण..."

"मग आहेत. खालचे दिवे मी म्हणते म्हणून वर जाणार नाहीत."

"मी म्हणत होतो ना, ब्यूक होती!" गजानन म्हणाला. मग त्यानं ऋजुताचा थांबलेला चमचा पाहिला, आणि त्याचाही घास थांबला.

बाईंनी बशा गोळा केल्या. मुली गणितात चुकल्या की त्या म्हणायच्या, आकड्यावर रागवू नका, आकडा बिचारा निरोप्या आहे. तसंच भूषणवर रागवण्यात अर्थ नव्हता. आई अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत गेली, आणि गाडी त्यानंतर आली. तर मग गाडीत बसली कोण?

चेहरा तर चंद्रभागेचाच. लग्नाच्या ग्रुप फोटोतला तोच, हनुवटी किंचित वर केलेला.

पुढचे काही दिवस बाई नेहमीसारख्या वागत होत्या. दूधवाल्याशी भांडल्या, देवळात जाऊन आल्या. पण दुपारी आडव्या झाल्या, की खिडकीबाहेरच्या सावरीवरून लाल फुलं टप टप पडत आणि प्रत्येक फुलासरशी त्यांना वाटे, कुणीतरी गाडीतून उतरलं. गेलेल्या माणसाला येता येत असेल का, एखाद्या वस्तूसाठी थांबून राहता येत असेल का? आईला मोटारीत बसायचं असेल. हयातीत जमलं नाही. मग साहेबांची नवी मॉरिस आली, तशी ती आली असेल, पाण्याच्या त्या फिकट रेघेवरून चालत, पदर सावरत. म्हणाली असेल, द्या पोर माझ्याकडे, एक फेरी मारते. म्हणून तर चेहऱ्यावर इतका उजेड. वाणिज्याच्या बाईंना हे शोभत नव्हतं. पण अर्धवट झोपेत कोण कुणाच्या वह्या तपासतं?

जाग आली की मात्र एकच भीती. आईची ती एकुलती एक वस्तू आपण स्वतःच रचलेली असली तर?

शेवटी त्यांनी भूषणला फोन केला. "ती गाडी कुठं बघायला मिळेल?"

"आमच्या क्लबच्या विपुलभियाकडे आहे ना! सेम टू सेम. पण आत्या, तू..."

"मला बसायचंय तिच्यात."

*

विपुलचं गोदाम सांवेर रोडवर, रंगांच्या कारखान्यामागं. पत्र्याच्या छपराला भोकं होती आणि उन्हाचे कवडसे आतल्या धुळीत तिरपे उभे होते. त्या कवडशांत ती राखाडी-हिरवी मॉरिस बसली होती. दिवे खाली, काच दोन तुकड्यांची, टप मागं दुमडलेला. भानुमतीबाईंना वाटलं, तीही आपल्याला ओळखायचा प्रयत्न करतेय.

"आत्याजी, आरामसे बैठो," विपुल दार धरून म्हणाला. "माझी बायको म्हणते, इतक्या प्यारनं तुम्ही मला कधी बसवलं नाही."

"बरोबर म्हणते. बायकोला गंज चढलेला दिसत नाही, म्हणून पुसत नाही तुम्ही."

विपुल जोरात हसला आणि चालवायला बसला. बाई त्याच्या डावीकडं, पुढच्या सीटवर. भूषण आणि ऋजुता मागं, गुडघे पोटाशी घेऊन. गाडी खोकली, थरथरली आणि गोदामाबाहेर उन्हात आली. रस्त्याला रविवारची सुस्ती होती. मालट्रकांच्या रांगा, भिंतीशी झोपलेले हमाल, मधूनच एखादा कडुनिंब. वारा आला. तापलेल्या कातड्याचा वास आला. बाईंनी डोळे मिटले.

झाडं मागं मागं जायला लागली. मिटल्या डोळ्यांतही ती दिसत होती, पापण्यांवर सावली, ऊन, सावली, ऊन. इंजिन नाकातल्या नाकात गुणगुणत होतं आणि ते गुणगुणणं सीटमधून पाठीला कळत होतं. आणि मग, काही ओढून न आणता, जिभेवर तो गार धातू आला. या वेळी बाईंनी त्याला जाऊ दिलं नाही. लहान मुलासारखं त्यांनी त्याच्यावरून जीभ फिरवली. मंगळसूत्राची वाटी असते, गोल, गुळगुळीत. ही गोल नाही. चपटी आहे, चौकोनी, बोथट कडांची. आणि वर उठावाचं काहीतरी. जिभेला लागणारे दोन इवले हात, दोन इवले पाय...

"थांबव," त्या म्हणाल्या.

विपुलनं गाडी कडुनिंबाखाली घेतली. "काय झालं आत्याजी? तबियत?"

"तब्येत उत्तम आहे. ऋजुता, तुझ्या फोनमध्ये आहे ना तो फोटो? चेहरा नको. गळ्याशी मोठा कर."

ऋजुतानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पदराच्या काठाशी, काळ्या मण्यांच्या जरा खाली, दोऱ्यात लोंबणारा एक चौकोन होता, मुलाच्या तोंडाजवळ. लहान फोटोत तो पदराचा डाग वाटे.

"हे काय आहे आत्या? पदक?"

"टाक," भानुमतीबाई म्हणाल्या. मग या पोरांना सगळं सांगावं लागेल हे लक्षात येऊन त्या सीटला टेकल्या. "आमच्यात बिजवराशी लग्न लागलं, की नव्या नवरीच्या गळ्यात गेलेल्या पहिलीचा टाक घालायचे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्ती. पहिलीनं नवीला त्रास देऊ नये म्हणून. नवी साडी आली, की आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. हळदकुंकू आधी त्याला, मग स्वतःला. माईच्या गळ्यात होता. मी तोंडात घालायची तो. माई म्हणायची, अगं, तुझी आई झिजेल."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग ऋजुता हळूच म्हणाली, "म्हणजे हा टाक तुमच्या आईंचा. आणि फोटोतही आईच..."

"आपलाच टाक आपल्या गळ्यात कोण घालतं, ऋजुता?"

भूषणनं मागून आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपण दिवे ओळखले नसते तर बरं झालं असतं, असं काहीतरी त्याला म्हणायचं असावं. पण विपुलनं गाडी पुन्हा सुरू केली, फार हळू, बैलगाडीच्या चालीनं.

*

घरी गजानन जेवायला येऊन बसलाच होता.

"गजू," पंख्याखाली बसत बाई म्हणाल्या, "माई कधी फोटो स्टुडिओत गेलेली तुला आठवते?"

"माई? तिचा तरुणपणचा एक फोटो नाही आमच्या घरी, हेच तर माझं दुःख आहे. हाराखाली लावलाय तो म्हातारपणचा, त्यात ती तुझ्यासारखी रागीट दिसते." मग त्यानं वाटीतली कोशिंबीर ढवळली. "एकदा नेलं होतं तिनं मला. जुनी इंदूर मोहल्ल्यात, गल्लीत, वरच्या माळ्यावर. मी असेन चार-पाच वर्षांचा. फोटो-बिटो काही काढला नाही. एक म्हातारा बारीक ब्रश घेऊन बसला होता आणि माई त्याच्या डोक्यावर उभी. नाक अजून सरळ करा, हनुवटी वर घ्या. इतकी कटकट केली तिनं! तो म्हणाला, बाई, आता तुम्हीच रंगवा. मला गप्प बसवायला पेपरमिंट दिलं होतं."

"समोर काय होतं त्याच्या?"

"मला काय दिसणार? टेबल माझ्या डोक्याच्या वर. हां, बाबांच्या लग्नाचा तो ग्रुप फोटो होता माईच्या हातात. पहिल्या लग्नाचा. येताना मी विचारलं, काय केलं गं? तर म्हणाली, भानूला बरोबर आठवतं, तेवढं करून आणलं."

पंखा फिरत होता. सावरीचं एक फूल खिडकीच्या गजावर पडलं, डुललं आणि खाली गेलं.

भानुमतीबाई बराच वेळ त्या पडलेल्या फुलाच्या जागेकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांची एक पोर कंबरेवर हात ठेवून उभी आहे. तू नाहीस माझी आई. आणि समोर ती, जिला ठाऊक आहे मांडी कोणाची होती, गुणगुणणं कोणाचं होतं. एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. अगं वेडे, ती मीच. पण मग पोरीकडे आईचं काय उरलं असतं? म्हणून माई जिना चढून गेली आणि आपल्या एकुलत्या एका तरुणपणच्या फोटोतून, समोर उभं राहून, तिनं आपलाच चेहरा पुसून घेतला. नाक सरळ करा, हनुवटी वर घ्या. म्हाताऱ्यानं चेहरा बदलला. गळ्याचं त्याला काही सांगितलेलं नव्हतं, गळा तसाच राहिला.

"ताई? रडतेस काय? मी काय बोललो?" गजानन घाबरला. "बरं बाबा, मॉरिस. मॉरिसच होती."

"भूषण, त्याला दाखव."

भूषणनं लॅपटॉप उघडला. आधी टाक दाखवला, मग सांगितलं. गजानन आयुष्यात प्रथमच ऐकत असताना मध्ये बोलला नाही. पडद्यावर शालीखालून बाहेर आलेला हात होता. पाचही बोटं मुलाच्या डोक्याखाली पसरलेली, मनगटात भरून बांगड्या. गजानननं चष्मा काढला, पुसला, लावला. त्या हाताला बोट लावून पाहिलं, पडदा पुसल्यासारखं.

"करंगळी बघ," तो म्हणाला. "अशीच बाहेर निघायची. पोळी लाटतानासुद्धा."

"हो," भानुमतीबाई म्हणाल्या. "निघायची."

"आत्या," भूषण म्हणाला, "मी फोटो नाही देत रॅलीत. रहने दे. घरातली गोष्ट आहे."

"का रहने दे? इतके कष्ट घेऊन केलेला फोटो आहे. पट्टी लिहून घे." त्यांचा आवाज वर्गातला झाला. "मॉरिस मायनर, सन एकोणपन्नास. सिरपूर तलाव. गाडी साहेबांची."

"साहेबांची?" गजानन कळवळला.

"साहेबांची. उभे, श्रीराम."

"आणि गाडीत?" भूषणची बोटं थांबली होती.

बाईंनी डोळे मिटले. चेहरा खोडायचा नाही. तो माईनं दिला होता, आणि दिलेलं परत करायचं नसतं. पण तेवढाच लिहिणं म्हणजे माईला पुन्हा त्या जिन्यानं चढवणं.

"लिही. चेहरा चंद्रभागा. मांडी मनोरमा. मांडीवर भानुमती."

भूषणनं लिहिलं. ऋजुतानं मागून वाचलं आणि छापील मराठी येत असूनही त्यातलं काही बदलायला सुचवलं नाही.

"आणि मी?" गजानननं विचारलं.

"तू कुठून येतोस त्यात?"

"असं कसं? मी होतो ना तिथं. स्टुडिओत. गप्प बसलो म्हणून तर झालं सगळं."

भानुमतीबाईंना हसू आलं, रडं अजून ओलं असताना. "बरं. खाली बारीक अक्षरात घाल. पेपरमिंट, गजानन."

जेवणं झाली. गजानन त्या हाताचा मोठा प्रिंट कधी काढून देतोस म्हणून भूषणच्या मागं लागत जिना उतरला आणि लोणच्याची बरणी ओट्यावरच विसरला. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या खिडकीशी आडव्या झाल्या. ऊन पापण्यांवर आलं, सावली आली, ऊन आलं. वास आला, गालाला गुणगुणणं ऐकू आलं. त्यांनी थोडं थांबून, लाजत, तोंड उघडलं आणि जिभेच्या टोकानं आईला हळूच चाखून पाहिलं. ती माईच्या गळ्यात होती, आणि अजून झिजली नव्हती.